वाट कमी केली, वेळ वाढला

पत्रा कापणाऱ्या लेझर मशीनचं हेड, म्हणजे किरण सोडणारं तोंड, काही न कापता ज्या रिकाम्या फेऱ्या मारतं त्या पडद्यावर दाखवणारं एक बटण असतं. प्रोग्रामिंगला बसून दीड वर्ष झालं तरी ते मी कधी दाबलं नव्हतं. दाबलं त्या दिवशी लाल तुटक रेषांचं असं जंजाळ उमटलं की कोळ्यानेही हात टेकावेत. हेड एका कोपऱ्यात दोन होल कापायचं, तिथून अर्धा पत्रा ओलांडून भलतीकडेच जायचं, आणि बऱ्याच वेळाने त्याच कोपऱ्यात राहून गेलेलं तिसरं होल कापायला परत यायचं.

पत्रा २ मिमी जाडीचा, माइल्ड स्टीलचा, २५०० बाय १२५० चा. त्यावर ८ मोठी पॅनेलं बसवलेली. एकेक पॅनेल ६०० बाय ४०० चं, हवा खेळती राहावी म्हणून त्यात ८ मिमी व्यासाचे १६८ होल, शिवाय बोल्टसाठी ४. उरलेल्या लांब पट्टीत १२० बाय ६० चे ११४ ब्रॅकेट, प्रत्येकात ३ होल. सगळं मोजलं तर हेडला १८४० वेळा पत्रा नव्याने भेदून कापायला सुरुवात करायची होती. मशीन फायबर लेझरचं, जरा जुनं, कापताना सोबत फुंकायला नायट्रोजन वायू. सॉफ्टवेअर म्हणत होतं ४१ मिनिटं, आणि घड्याळही जवळपास तेच सांगत होतं.

साहेबांचं म्हणणं साधं होतं. बेंडिंगची, म्हणजे कापलेला पत्रा वाकवणारी, माणसं हातावर हात धरून बसतात, कारण लेझरवरून माल वेळेवर खाली उतरत नाही. दुसरं मशीन येणार नाही. तेव्हा आहे त्यातच वेळ काढ.

लाल जंजाळ बघून मला वाटलं, सापडलं! वाट कमी केली की वेळ कमी झाला. इतकं सोपं कुणाला कसं सुचलं नाही याचंच नवल वाटत होतं.

वाट कमी करण्याचं हे कोडं जुनं आहे. फिरत्या विक्रेत्याने सगळ्या गावांना एकेकदा भेट देऊन कमीत कमी चालीत घरी कसं यावं, ते हेच. १० होल असतील तर कापण्याचे क्रम होतात ३६,२८,८००. २० होल झाले की क्रमांची संख्या १९ अंकी होते. माझ्याकडे १८४० होते. म्हणजे सगळे क्रम तपासून सर्वांत चांगला निवडणं हा विषयच संपला. बऱ्यापैकी चांगल्यावर समाधान मानायचं.

रात्री घरी बसून एक छोटा प्रोग्राम लिहिला. आधी सर्वांत सोपी युक्ती, जिथे आहोत तिथून जवळात जवळ जे होल असेल तिकडे जायचं. सुरुवातीला ही युक्ती फार हुशार वाटते. हेड नेटकं पुढे सरकत राहतं, पण वाटेत थोडं आडबाजूला असलेलं एखादं होल मागे ठेवत जातं. शेवटी अशी राहिलेली पाच-पंचवीस होल पत्र्याच्या चारही टोकांना विखुरलेली असतात, आणि ती गोळा करत धावावं लागतं. वर्षभर अभ्यास न करता परीक्षेच्या आदल्या रात्री बसण्यातला प्रकार.

त्यावर दुसरी युक्ती लावली. १९५८ साली क्रूस नावाच्या संशोधकाने मांडलेली, आणि आजही तितकीच कामाची. वाटेचे कुठलेही दोन तुकडे एकमेकांना छेदत असतील तर ते सोडवून पुन्हा असे जोडायचे की छेद उरणार नाही. त्रिकोणाच्या दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्या असतात एवढंच त्यामागचं गणित. गाठ सुटली की वाट हमखास कमी होते. हे करत राहायचं, सोडवायला काही न उरेपर्यंत.

आणखी एक बाब विक्रेत्याच्या कोड्यात नसते. विक्रेत्याचं गाव म्हणजे एक बिंदू, पण आमच्या हेडला गावात कुठल्याही वेशीतून शिरता येतं. कापायची आकृती बंद असली की तिच्यावर कुठूनही सुरुवात करून तिथेच परत यायचं असतं. म्हणजे क्रमाबरोबर प्रत्येक आकृतीचा सुरुवातीचा बिंदूही निवडायचा. तो आतल्या होलच्या बाबतीत आतून आणि बाहेरच्या कडेच्या बाबतीत बाहेरून घ्यायचा, कारण भेदताना जिथे वितळलेला डाग पडतो तो भाग भंगारात गेला पाहिजे, मालावर नको. आणि एक सक्तीची अट: तुकड्यातले होल आधी, त्याची बाहेरची कड शेवटी. कड आधी कापली तर तुकडा सुटतो, जरासा सरकतो, आणि मग होल जिथे पडायचं तिथे पडत नाही. ही अट मी पहिल्या रात्री घातलीच नव्हती. सिम्युलेशनमध्ये पॅनेलची चौकट आधी कापली जाताना दिसली तेव्हा एकटाच हसलो, आणि ती अट घातली.

सकाळी निकाल हातात होता. रिकामी वाट ११२ मीटरवरून ७१ मीटरवर आलेली. जवळजवळ ३७ टक्के कमी! पडद्यावर लाल रेषा आता नांगरलेल्या शेतासारख्या शिस्तीत दिसत होत्या. मी साहेबांना बोलावून दाखवलं. मग पत्रा चढवला, आणि हातात स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो.

५० सेकंद वाचले. फक्त.

मशीन चालवणारे काका काही बोलले नाहीत. ते तसेही कमीच बोलतात. मी मात्र वर जाऊन गणित मांडलं, जे खरं तर आधी मांडायला हवं होतं.

मशीनच्या पाटीवर रिकाम्या धावेचा वेग ठळक लिहिलेला आहे, मिनिटाला १०० मीटर. पण हा वेग गाठायला अंतर लागतं. आमच्या मशीनचं त्वरण साधारण गुरुत्वाकर्षणाइतकं, म्हणजे सेकंदाला सेकंद ९.८ मीटर. त्या हिशेबाने १०० मीटरचा वेग गाठायला १४२ मिमी धावावं लागतं, आणि थांबायला पुन्हा तितकंच. पॅनेलमधल्या दोन होलांतलं अंतर ३० मिमी. एवढ्याशा उडीत हेड अर्ध्या वाटेपर्यंत वेग घेतं, उरलेल्या अर्ध्यात ब्रेक मारतं. मिनिटाला ३२-३३ मीटरच्या वर ते कधी जातच नाही, आणि उडीला साधारण ०.११ सेकंद लागतो. वाट निम्मी केली तरी वेळ निम्मा होत नाही, कारण लहान उडीत वेळ अंतराच्या वर्गमुळाप्रमाणे घटतो. थोडक्यात, मी घाम गाळून जे कमी केलं होतं त्याला वेळच मुळात फार लागत नव्हता.

मग ४१ मिनिटं जात कुठे होती? मोबाइलवर हळू गतीचा व्हिडिओ काढून एकेक टप्पा मोजला. प्रत्यक्ष कापायला साधारण १२ मिनिटं. पत्रा भेदायला ६. आडव्या-उभ्या रिकाम्या धावेला साडेचार-पाच. आणि उरलेली साडेअठरा मिनिटं हेड वर उचलायला आणि खाली टेकवायला! प्रत्येक आकृती संपली की हेड पुरतं वर जायचं, पुढच्या जागी पोहोचायचं, मग खाली येऊन पत्र्यापासूनचं अंतर टोकाच्या नोझलमधून चाचपून बघायचं. एका खेपेला ०.६ सेकंद. १८४० ने गुणा.

हे उमजल्यावर मला राहवेना. सेटिंगमध्ये एक पर्याय होता, ठरावीक अंतरापेक्षा जवळ जायचं असेल तर हेड उचलायचंच नाही, पत्र्यालगतच सरकत न्यायचं. मी मर्यादा ठेवली १५० मिमी. म्हणजे जवळजवळ सगळीकडे. सिम्युलेशनने सांगितलं, २५ मिनिटं. साहेबांना पुन्हा बोलावलं नाही एवढंच त्यातल्या त्यात शहाणपण.

पॅनेलं सुरेख कापली गेली. हेड शिलाई मशीनच्या सुईसारखं टकटक पुढे जात होतं आणि मी काकांकडे बघत होतो. मग ब्रॅकेटची पट्टी सुरू झाली. तिसऱ्या ओळीत एक ब्रॅकेट सुटला, खालच्या दातेरी पट्टीवर तोल जाऊन त्याची एक कड बोटभर वर आली, आणि हेड त्याच्यावरूनच पुढच्या ब्रॅकेटकडे निघालं होतं. कड्‌ असा आवाज झाला. मशीन थांबलं. नोझल वाकलेलं, वरच्या सिरॅमिकच्या कडीचे दोन तुकडे.

ती कडी तुटावी म्हणूनच असते. ती तुटते, म्हणून आतली महागडी भिंगं वाचतात. पण नवी कडी बसवून, नोझल बदलून, किरण नोझलच्या बरोबर मध्यातून येतो की नाही ते चिकटपट्टीवर ठिपका पाडून तपासून, उंचीचा सेन्सर पुन्हा मोजमापावर आणेपर्यंत दुपार गेली. वाचवलेल्या १६ मिनिटांच्या बदल्यात चार तास.

काका रागावले नाहीत. खडू घेतला आणि एका भंगार पत्र्यावर रेघा काढल्या. खालच्या दातेरी पट्ट्या, म्हणजे स्लॅट. त्यांच्यावर आडवा ब्रॅकेट.

"हा तुझा तुकडा. दोन पट्ट्यांवर बसला तर जागचा हलत नाही. एकीवर बसला तर सी-सॉ. वरून गॅसचा दाब एका टोकाला बसला की दुसरं टोक वर."

"पण काका, कुठला कशावर बसेल हे मला वर बसून कसं कळणार?"

"नाही कळणार. म्हणून तर सुटलेल्या तुकड्यावरून जायचं नाही. तू पडद्यावर बघतोस तो पत्रा अख्खा असतो. इथे कापायला घेतला की तो अख्खा राहत नाही. दर मिनिटाला दुसराच पत्रा असतो."

माझ्या प्रोग्राममधल्या सगळ्या गणितात ही एक गोष्ट कुठेच नव्हती. मी १८४० बिंदू धरले होते, स्थिर, कागदावर टोचलेल्या टाचण्यांसारखे. आणि इथे प्रत्येक भेटीनंतर नकाशाच बदलत होता.

मशीन बंद होतं तेवढ्या वेळात गिऱ्हाईकाकडून आलेली ड्रॉइंगची मूळ फाइल (डीएक्सएफ) उघडून बसलो. त्यात दोन भानगडी सापडल्या. बोल्टचे होल वर्तुळ म्हणून आलेलेच नव्हते. ७२ छोट्या सरळ रेषांची माळ होती. पडद्यावर गोल दिसतात, पण मशीन प्रत्येक रेषेच्या सांध्याशी वेगाचा विचार करतं आणि अडखळत जातं, कडेला बारीक खाचा उमटतात. तिथे खरी वर्तुळं काढली. दुसरं म्हणजे दोन ब्रॅकेटमध्ये एकाच जागी एकावर एक अशी दोन-दोन होल होती, म्हणजे एकदा कापलेल्या हवेत लेझर पुन्हा फिरत होता. कुणीतरी कॉपी-पेस्ट करताना दोनदा दाबलं असणार. तेव्हापासून फाइल आली की आधी दुहेरी रेषा शोधतो, बाकी सगळं नंतर.

दुसऱ्या दिवशी प्रोग्राम नव्याने लिहिला. आता दोन जागांमधल्या जाण्याची किंमत मिलिमीटरमध्ये मोजायची नाही, सेकंदांत मोजायची, आणि त्यात हेड उचलण्याचा वेळ धरायचा. उचलायचं की नाही हे वाटेखाली काय आहे त्यावर ठरेल. खाली न कापलेला पत्रा असेल तर सरकत जा. सुटलेला तुकडा असेल तर वळसा घाल. वळसा महाग पडत असेल तर मुकाट्याने उचल.

पॅनेलचे होल या हिशेबात सरळ बसले. ८ मिमीच्या चकत्या बहुतेक खाली पडून जातात, आणि नागमोडी क्रमाने गेलं तर हेड कायम कापलेल्याकडून न कापलेल्याकडे जातं, मागे वळून बघतच नाही. १३४४ होलांवर हेड उचलणं बंद झालं आणि एका दमात ११ मिनिटं वाचली. ब्रॅकेटच्या पट्टीत मात्र पूर्ण उचल तशीच ठेवली. कड कुठे संपते तेवढं बदललं: पुढचा ब्रॅकेट ज्या बाजूला, त्याच बाजूच्या कोपऱ्यात कापणं संपवायचं, म्हणजे निघताना आपल्याच तुकड्यावरून जावं लागत नाही. आदल्या दिवशी हेड आपटलं ते नेमकं यामुळेच. कड डाव्या कोपऱ्यात संपत होती आणि पुढचा ब्रॅकेट उजवीकडे होता.

आता काम झालं असं वाटलं. तर तपासणीतून पॅनेलं परत आली. कडेपासून बोल्टच्या होलापर्यंतचं अंतर काहींमध्ये ०.३ ते ०.४ मिमीने चुकत होतं.

याचं कारण शोधायला मला दोन दिवस लागले. वाट आणखी थोडी कमी व्हावी म्हणून मी आधी सगळ्या ८ पॅनेलांचे होल कापून घेत होतो आणि मग एका फेरीत सगळ्यांच्या चौकटी. क्रमाच्या अटीत हे बसत होतं, कारण होल आधीच होते. पण मधल्या वेळात पत्रा तापत होता. पोलाद तापमानाच्या दर अंशाला, दर मीटरला साधारण १२ मायक्रॉन वाढतं. अडीच मीटरचा पत्रा सरासरी २० अंशांनी तापला तर तो ०.६ मिमीने लांब होतो. होल कापले तेव्हाचा पत्रा आणि चौकट कापली तेव्हाचा पत्रा, दोघांची मापं वेगळी. काकांचं वाक्य आठवलं. त्यांनी तुकड्यांबद्दल म्हटलं होतं, पण ते उष्णतेलाही तसंच लागू होतं. उपाय सोपा होता: एका पॅनेलचे होल संपले की लगेच त्याचीच चौकट, मगच पुढचं पॅनेल. वाट तीन-चार मीटरने वाढली. वाढू दे.

उष्णतेने आणखी एक गंमत केली. एका कोपऱ्यातून सुरू करून ओळीमागून ओळ कापत गेलं की पॅनेलला पोट यायचं. टेबलावर ठेवून मधोमध दाबलं की पत्रा टुणकन खाली जायचा. सगळी उष्णता एका आघाडीवर साचत पुढे सरकत होती. मग एकाआड एक ओळी घेतल्या. आधी १, ३, ५, मग परत येताना २, ४, ६. पॅनेलमागे दोन-तीन सेकंद जास्त लागले आणि पोट बरंचसं गेलं. पूर्ण गेलं नाही, कारण पत्रा मुळात गुंडाळीतून सरळ केलेला असतो आणि तो ताण त्याच्या अंगात असतोच. भोकं पाडली की तो डोकं वर काढतो. जाड प्लेट ऑक्सिजनवर कापताना ही उष्णतेची बाब कितीतरी पटीने मोठी होते. तिथे जवळजवळची होल लागोपाठ घेतली तर कडा जळून खरबरीत होतात, म्हणून मुद्दाम दूर-दूर उड्या माराव्या लागतात. तिथे सर्वांत लहान वाट ही जवळजवळ सर्वांत वाईट वाट असते.

ब्रॅकेट कलंडू नयेत म्हणून सूक्ष्म सांधे ठेवले. कड पूर्ण न कापता ०.३ मिमीचा एक पूल सोडायचा. तुकडा पत्र्याला धरून राहतो, नंतर हाताने हलवला की तुटतो. काका खूश. मी खूश. तीन दिवसांनी बेंडिंगच्या ताई हातात दोन ब्रॅकेट घेऊन थेट वर आल्या.

"हे बघा. हा ४० चा आला आणि हा ४०.३ चा. माझं मशीन बिघडलंय म्हणून सांगत होते सगळे."

दोन्ही ब्रॅकेट एकाच पत्र्यातले. ताईंनी नखाने कडेवरचा बारीक टोक दाखवला. पूल तुटला तिथे उरलेला. बेंडिंगला ब्रॅकेट ज्या कडेने मागच्या गेजला, म्हणजे माप ठरवणाऱ्या आधाराला, टेकवायचा, नेमक्या त्याच कडेवर मी तो पूल ठेवला होता. टोक गेजला टेकत होता आणि पत्रा तेवढा मागे राहत होता. एखाद्याचा टोक मुळाशी तुटलेला, तो बरोबर यायचा, म्हणून कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

मला हे ठाऊकच नव्हतं की कुठली कड टेकते. ड्रॉइंगमध्ये ते लिहिलेलं नसतं. ताईंबरोबर खाली गेलो, अर्धा तास त्यांच्या शेजारी उभा राहिलो, आणि प्रत्येक भागाची टेकणारी कड फाइलमध्ये वेगळ्या रंगाने रंगवली. त्या रंगाच्या कडेवर पूल नाही, कापण्याची सुरुवातही नाही, कारण सुरुवातीच्या जागीही बारीकसा व्रण राहतोच. वाट ठरवण्यात बेंडिंगचंही मत घ्यावं लागतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्या आधीच्या प्रोग्रामरलाही माहीत नसावं. ताई म्हणाल्या, हा घोळ जुनाच आहे, फक्त कधी कुणी विचारायला खाली आलं नव्हतं.

मग शेवटी सामाईक रेषेचा मोह. ब्रॅकेट चौकोनी आहेत. दोघांमध्ये ६ मिमीची पट्टी सोडून दोन्ही कडा वेगळ्या कापायच्या, त्यापेक्षा ते चिकटवून बसवले तर एकाच कापात दोघांची कड निघते. १९ बाय ६ ची अख्खी पट्टी अशी केली तर काय होईल ते कागदावर काढलं. वेगवेगळं कापलं तर ४१ मीटर, सामाईक रेषांनी २३ मीटर. आणि पेन किती वेळा टेकवावा लागेल? इथे गणितज्ञ ऑयलर मदतीला आला. क्योनिग्सबर्ग शहरातले सात पूल एकेकदाच ओलांडून फिरता येईल का, या प्रश्नाचं उत्तर त्याने १७३६ साली दिलं. जिथे विषम संख्येने वाटा येऊन मिळतात असे चौक मोजायचे. अशा दोन चौकांमागे पेन एकदा टेकवावा लागतो. माझ्या जाळीत आतले चौक चार वाटांचे, म्हणजे सम. फक्त बाहेरच्या कडेवरचे तीन वाटांचे, आणि ते ४६. म्हणजे ११४ वेळा भेदण्याऐवजी फक्त २३ वेळा. कागदावर हे इतकं देखणं होतं की मी ते चौकट करून भिंतीवर लावायला तयार होतो.

काकांनी कागद बघितला आणि एकच प्रश्न विचारला. "शेवटचे तुकडे कशाला धरून राहणार?"

तरीही एक ट्रायल घेतली. भंगार पत्र्यावर. लांब आडव्या रेषा आधी कापल्या, मग उभ्या. उभी रेष कापताना एका बाजूचा तुकडा सुटायचा, सरकायचा, आणि शेजाऱ्याची कड तिरकी जायची. मधे सांगाडाच उरला नव्हता. जे धरून ठेवायचं तेच मी काटकसर म्हणून काढून टाकलं होतं.

तेव्हा तडजोड केली, जोड्या. दोन ब्रॅकेट लांब बाजूने चिकटलेले, भोवती पूर्वीसारखी पट्टी. एका जोडीत विषम चौक दोनच, सामाईक रेषेची दोन टोकं. म्हणजे पेन न उचलता पूर्ण आकृती होते, आणि तीही सोयीच्या क्रमाने. एका टोकाला बाहेरून शिरायचं, सामाईक रेष सगळ्यात आधी कापायची, कारण तेव्हा दोघेही घट्ट धरलेले असतात. मग एका ब्रॅकेटला वळसा घालून पहिल्या टोकाशी, तिथून दुसऱ्याला वळसा घालून दुसऱ्या टोकाशी. ५७ जोड्या, ५७ वेळा भेदणं, कापायची लांबी ३४ मीटर. वाचले दीड मिनिट. पूर्ण जाळीने याच्या दुपटीहून जास्त वाचलं असतं, पण त्यातला माल भंगारात गेला असता.

पॅनेलचे होल चौकोनी असते तर आणखी एक प्रकार करता आला असता. सगळ्या होलांच्या आडव्या बाजू एका रेषेत घ्यायच्या, हेड न थांबता सरळ धावतं आणि लेझर फक्त चालू-बंद होत राहतो, मग तशाच उभ्या. पातळ पत्र्यात हे डोळे दिपवणारं काम असतं. पुढे १ मिमीच्या एका जाळीवर मी ते केलं. किरण चालू-बंद होण्याची वेळ जराशी चुकली तरी चौकोनाच्या कोपऱ्यात चकती लटकून राहते, आणि ती हातोडीने पाडत बसावं लागतं. ते जुळवण्यात एक अख्खा दिवस गेला. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

तर आमचा पत्रा. सगळे बदल एकत्र करून सॉफ्टवेअर म्हणालं २६ मिनिटं. स्टॉपवॉचने म्हटलं साडेअठ्ठावीस. अडीच मिनिटांचा फरक कुठून आला ते शोधत मी खाली उतरलो. कंट्रोल पॅनेलवर रिकाम्या धावेचा वेग कमी-जास्त करायचं गोल बटण असतं. हेड आपटलं त्या दिवसापासून माझा प्रोग्राम लागला की काका ते ५० टक्क्यांवर ठेवायचे, हे मला मागाहून कळलं होतं.

आज ते ८० वर होतं.

"काका, आता तरी १०० करा की."

काकांनी पट्टीतल्या शेवटच्या जोडीकडे बोट दाखवलं. जोडीतला एक ब्रॅकेट पुलावर लटकत किंचित वर आला होता. फार नाही, नखाएवढा. मी वर गेलो आणि ती जोडी फाइलमध्ये ४० मिमी आत सरकवता येते का बघायला लागलो.